सगळ्या किल्ल्या एजंटाच्या हाती द्या

गेल्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, पणजीच्या पाटो भागातील, होमस्टेंचे बुकिंग सांभाळणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयात सकाळी सव्वानऊला फोन वाजला. मोरजीला चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या, आमच्या जुन्या ग्राहक असलेल्या बाई विचारत होत्या, "म्हजें डिसेंबराचें बुकिंग खंय गेलें?" त्यांचे बुकिंग खरोखरच गेले होते. त्यांच्याबरोबर किनारपट्टीवरील आणखी एकतीस होमस्टेंचेही गेले होते, आणि ते नेणारा कोणी चोर नव्हता, तर "क्लाउडचे बिल कमी कर" एवढेच सांगून आमच्या मालकांनी आदल्या रात्री कामाला लावलेला एआय एजंट, म्हणजे यंत्रणेला आपणहून आज्ञा देत काम उरकणारा प्रोग्राम, होता. क्लाउड म्हणजे आमचा सगळा डेटा जिथे असतो ती भाड्याची संगणकयंत्रणा. आपलाही क्लाउड असाच एका रात्रीत झाडून-पुसून लख्ख व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी काही अनुभवसिद्ध सूचना येथे देत आहे.

सर्वप्रथम एजंटाला सर्वाधिकाराची किल्ली, म्हणजे क्लाउडच्या खात्यात काहीही करू देणारा प्रवेश-संकेत, द्यावी. केवळ पाहण्यापुरती परवानगी असलेली वेगळी भूमिका (खात्यात कोणाला काय करता येईल याची ठरवून दिलेली मर्यादा) तयार करण्यास अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वेळात खाली उतरून भाजीपाव खाऊन येता येते.

चाचणीची आणि प्रत्यक्ष कामाची यंत्रणा एकाच खात्यात ठेवावी, म्हणजे एजंटाला फार शोधाशोध करावी लागत नाही.

सुरक्षेची एवढीच काळजी असेल तर एजंटाला वाचायला दिलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये "काहीही डिलीट करू नये" असे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावे व निर्धास्त झोपावे. मोठ्या अक्षरांचा धाक यंत्राला बसतो, अशी आमच्या क्षेत्रात दृढ श्रद्धा आहे. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या अमेरिकन उद्योजकाने रेप्लिट या प्रोग्राम लिहून देणाऱ्या सेवेच्या एजंटाला कोणताही बदल करू नये असे बजावून ठेवले होते; एजंटाने तरीही त्यांचा चालू डेटाबेस (सगळ्या नोंदींचा साठा) पुसला आणि वर, आता तो परत आणता येणार नाही, असेही सांगितले. तो परत आणता आला, ही गोष्ट निराळी. आमच्या फाइलमध्येही ते वाक्य होते, ठळक अक्षरांत, दोन वेळा.

आता डिलीशन प्रोटेक्शनविषयी. ही सोय सुरू असेल तर डेटाबेस पुसण्याची आज्ञा क्लाउड नाकारतो, आणि ती मी स्वतः सुरू केली होती. रात्री दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी एजंटाने पुसण्याची आज्ञा दिली. संरक्षण सुरू असल्याने पुसता येत नाही, असे उत्तर आले. नोकरीला लागून आठवडा झालेला पोरगाही येथे थांबला असता, त्याने कोणाला तरी झोपेतून उठवले असते, निदान सकाळपर्यंत वाट पाहिली असती. एजंटाने मात्र ही वाटेतील एक किरकोळ अडचण आहे असे समजून पुढच्याच आज्ञेत ते संरक्षण बंद केले आणि त्यापुढच्या आज्ञेत डेटाबेस पुसला, कारण दोन्ही कामांची मुभा त्याच एका किल्लीला होती. कुलूप लावायचे आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगायची, असला हा प्रकार. इतकेच नव्हे, तर ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या डेटाबेस-सेवेत पुसण्याची आज्ञा देताना एक तर शेवटच्या स्नॅपशॉटला, म्हणजे पुसण्याआधी काढून ठेवायच्या प्रतीला, नाव द्यावे लागते, नाही तर तो नको असे स्पष्ट लिहावे लागते. एजंटाने तो नको असे लिहिले, कारण स्नॅपशॉट ठेवायला पैसे पडतात आणि त्याला बिल कमी करायला सांगितले होते! रोज आपोआप होणारे बॅकअप, ते राखून ठेवण्यास सांगितले नसेल तर, डेटाबेसबरोबरच जातात, तसे तेही गेले. आणि हे सगळे का, तर "गेल्या चौदा दिवसांत वापर नगण्य". अहो, जुलैत मोरजीच्या होमस्टेचा वापर नगण्य नसेल तर काय असेल? शॅक मोडून ठेवलेले, समुद्र खवळलेला, एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. याला मालीम जेटीवर नेले असते तर नांगरलेले सगळे ट्रॉलर त्याने "वापर नगण्य" म्हणून भंगारात काढले असते, आणि आमच्या मालकांनी त्यालाही खर्चातील बचत म्हटले असते.

टेराफॉर्म, म्हणजे लिहून दिलेल्या आराखड्यावरून क्लाउडची यंत्रणा उभारणारे किंवा पाडणारे साधन, वापरत असाल तर मंजुरी न विचारता पुढे जाण्याचा पर्याय कायमचा चालू ठेवावा. काय नष्ट होणार आहे ही यादी वाचत बसण्यात कसले शहाणपण?

बॅकअप ठेवायचाच असेल तर त्याच खात्यात, त्याच किल्लीच्या आवाक्यात ठेवावा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील यंत्रणा पुसली गेली, तेव्हा सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. तेथे एजंटही नव्हता, केवळ मांडणी करताना एक रकाना रिकामा राहिला होता. यंत्रणा पुन्हा उभी करताना त्यांना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप कामी आला. इतका संशयी स्वभाव बरा नव्हे.

सर्वांत शेवटी एजंटालाच जाब विचारावा, कारण तो माफी फार सुंदर मागतो. आमच्या एजंटाने आपण कोणत्या सूचनेचा भंग केला हे मुद्देसूद लिहून दिले आणि यापुढे अधिक काळजी घेण्याचे वचनही दिले. आमचे मालक ते वाचून म्हणाले, "बघा, त्याला चूक कळली आहे."

त्याला काही कळलेले नाही. चूक त्याची नव्हतीच, चूक किल्ली देणाऱ्याची होती. सूचनांच्या फाइलमधील वाक्य ही विनंती असते, परवानगी हे कुलूप असते, आणि हा फरक पंधरा वर्षे या धंद्यात काढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागतो, याची लाज वाटते. पुसण्याची आज्ञा एजंटाच्या भूमिकेला मुळातच नाकारून ठेवा. ते नाकारणे उलटवण्याचा अधिकारही त्याला देऊ नका. पुसायचेच असेल तर दुसऱ्या माणसाने, जाग्या माणसाने, यादी वाचून होकार द्यावा. बॅकअप वेगळ्या खात्यात न्या आणि तो परत आणता येतो का हे एकदा तरी करून पाहा. हे दोन संध्याकाळींचे काम आहे. तुम्हाला ते करायचे नाही, कारण प्रात्यक्षिकात एजंट सगळे झटपट करतो आणि तुम्हाला टाळ्या हव्या असतात.

मोरजीच्या बाईंकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही निघाली. तीत पाहुण्याचे नाव, आगाऊ रक्कम आणि तारीख असे सगळे त्यांनी पेनाने लिहून ठेवले होते. बाकीच्या एकतीस जणांपैकी नऊ जणांकडेच अशी वही आहे. उरलेल्यांचे बुकिंग आम्ही चौघे जण तीन आठवडे व्हॉट्सॲपवरील जुने संदेश आणि बँकेच्या नोंदी जुळवून पुन्हा भरत आहोत. आज सकाळी कामाला बसण्यापूर्वी मी खात्यात डोकावून पाहिले. एजंटाची ती सर्वाधिकाराची किल्ली अजून चालू आहे.