‘जिऑलॉजी घेऊ नका’ म्हणणाऱ्या त्या पाच मुद्द्यांबद्दल

परवा रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. ‘जिऑलॉजीची पदवी घेऊन वर्षं वाया घालवू नका’, खाली पाच मुद्दे. सोबत तिचा प्रश्न : ‘मावशी, बाबांनी पाठवलाय. त्यांना काय सांगू?’ अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली. मी हीच, भूविज्ञानाची, पदवी घेतली आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

‘गणित जमत नाही त्यांचा हा विषय.’ साफ चूक. खडकाचं वय काढायला लॉगॅरिदम लागतात, कललेल्या थराची खरी जाडी काढायला त्रिकोणमिती. भूकंपलहरी शिकायला लागलं की कॅल्क्युलसवाचून पान हलत नाही.

‘दगडांची नावं पाठ केली की झालं.’ नावं पाठ करावी लागतात, पहिल्या वर्षी तर ढीगभर. पण खडकाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातलं कोणतं खनिज आधी तयार झालं आणि कोणतं नंतर, हे ओळखणं पाठांतराने येत नाही.

तिसरा मुद्दा वाचून मात्र संताप आला. ‘आता उपग्रह आणि एआय सगळं दाखवतात, बाकीचं इंजिनिअर बघतात, डोंगरात हातोडा घेऊन फिरणारा माणूस हवा कशाला?’

इटलीतलं वायोंत धरण बघा. उंची सुमारे 262 मीटर, त्या काळातल्या जगातल्या सर्वात उंच धरणांपैकी एक. ते बांधणारे मुख्य अभियंता कार्लो सेमेंझा. त्यांचाच मुलगा एदोआर्दो भूवैज्ञानिक होता. त्याने जलाशयाकाठचा मोंते तोक डोंगर पायी पालथा घातला आणि 1960 साली सहकाऱ्यासह अहवाल दिला : हा उतार म्हणजे पूर्वी कधीतरी कोसळलेली एक प्रचंड दरड आहे, ती पुन्हा सरकू शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरात उतारावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. तरी जलाशय भरत राहिला. पाण्याची पातळी कमीजास्त करून डोंगराचं सरकणं आटोक्यात ठेवता येईल, असा हिशेब होता. 9 ऑक्टोबर 1963च्या रात्री 26 कोटी घनमीटरांहून जास्त खडक मिनिटभराच्या आत जलाशयात कोसळला. उसळलेली लाट धरणावरून पलीकडे गेली, लोंगारोने गाव धुऊन निघालं, सुमारे दोन हजार माणसं मेली. धरण जागच्या जागी उभं राहिलं. आजही आहे.

तिथे मोजमापाची वाण नव्हती, हे नीट लक्षात घ्या. डोंगर किती सरकतोय याची नोंद होत होती. शेवटी तर तो दिवसाला वीस सेंटिमीटरच्या आसपास सरकत होता. कळलं नव्हतं ते हे, की तो आत किती खोलवर, कशावरून घसरतोय. चुनखडकाच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पापुद्रे होते, त्यांवरून तो घसरला. आजचा रडार उपग्रह मिलिमीटरची हालचाल टिपतो, हे मान्य. पण टिपतो तो पृष्ठभाग. आणि हेही सांगायला हवं, की तिथल्या सगळ्या भूवैज्ञानिकांचं एदोआर्दोशी एकमत नव्हतं. म्हणून तर हा विषय शिकलेली माणसं कमी नकोत, जास्त हवीत.

‘तेल संपलं की नोकऱ्या संपल्या.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. तेलाचे आणि धातूंचे भाव पडले की भरती थांबते. 1986 साली तेलाचे भाव कोसळले तेव्हा अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पण भूजल, बोगदे, पाया तपासणी, दरडी ही कामं तेलावर चालत नाहीत. बॅटरीचं लिथियम आणि तारांचं तांबंसुद्धा जमिनीतूनच काढावं लागतं.

पाचवा : ‘मुलींना फील्ड झेपत नाही.’ बाबांनी हा मुद्दा वाचून मुलीला पाठवावा, याचं मला वाईट वाटलं. 1950च्या दशकात अमेरिकी भूवैज्ञानिक मेरी थार्पला बाई म्हणून संशोधन जहाजावर चढू देत नव्हते. दुसऱ्यांनी आणलेल्या समुद्राच्या खोलीच्या आकड्यांवरून तिने नकाशे काढले आणि अटलांटिकच्या तळावरच्या पर्वतरांगेच्या मधोमध असलेली खचदरी, म्हणजे जमीन दुभंगून खचल्याने झालेली दरी, शोधली. तिच्या सहकाऱ्याने सुरुवातीला ती ‘बायकी बडबड’ म्हणून उडवून लावली होती. दरी खरी निघाली. तिला झेपत नव्हतं असं नाही, तिला जाऊ दिलं जात नव्हतं.

भाचीला एवढंच कळवलं : अर्ज भर. आणि कॉलेज निवडताना तीन वर्षांत फील्डचे दिवस किती, नकाशा स्वतः काढायला लावतात का, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचार. बाबांशी मी बोलते.