स्ट्रेस ड्रॉपचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी

भूकंपाचा स्ट्रेस ड्रॉप, म्हणजे भ्रंश (खडकांतील सरकणारी भेग) सरकण्यापूर्वीच्या आणि सरकल्यानंतरच्या प्रतिबलातील फरक, नोंदींवरून थेट मोजता येतो आणि म्हणून दोन प्रदेशांतील आकड्यांची तुलना करून कोणत्या भ्रंशावर अधिक ताण साचला आहे हे ठरवता येते, असे विधान सर्रास केले जाते. त्यातील एकेक भाग तपासला पाहिजे.

प्रथम ‘थेट मोजता येतो’ हे म्हणणे. भूकंपमापक केवळ जमिनीची हालचाल नोंदवतो. त्या नोंदीच्या वर्णपटातील (कोणत्या वारंवारतेची हालचाल किती, हे दाखवणाऱ्या आलेखातील) कमी वारंवारतेच्या सपाट भागावरून भूकंपीय आघूर्ण, म्हणजे भूकंपाच्या आकाराचे माप, मिळते आणि वर्णपट जेथून उतरू लागतो त्या कोपरा-वारंवारतेवरून भंगाची, म्हणजे भ्रंशाच्या सरकलेल्या भागाची, त्रिज्या काढतात; ही वारंवारता जितकी जास्त तितकी त्रिज्या लहान. पुढे आघूर्णाला त्रिज्येच्या घनाने भागून सात सोळांशाने गुणले जाते. या घनामुळेच कोपरा-वारंवारता दुप्पट धरली गेली तर उत्तर आठपट होते. वीस टक्के जास्त धरली गेली तरी ते सुमारे पावणेदोनपट होते. शिवाय कोपरा-वारंवारतेवरून त्रिज्या काढताना कोणत्या गुणांकाने गुणायचे हा प्रारूपाचा प्रश्न आहे. एस-लहरींसाठी (भूकंपाच्या दुसऱ्यांदा पोहोचणाऱ्या, आडव्या कंपनाच्या लहरींसाठी) ब्रून यांच्या 1970 च्या प्रारूपात तो सुमारे 0.37 आहे, तर मादारियागा यांच्या 1976 च्या प्रारूपात 0.21. नोंद तीच आणि कोपरा-वारंवारताही तीच असूनही दुसऱ्या प्रारूपाचे उत्तर साडेपाचपट मोठे येते.

‘नव्या पद्धतींनी ही अडचण दूर केली आहे’ असेही सांगितले जाते. ते अंशतःच खरे आहे. मोठ्या भूकंपाच्या वर्णपटाला जवळच्याच लहान भूकंपाच्या वर्णपटाने भागले की मार्गातील क्षीणनाचा, म्हणजे वाटेत लहरी दुबळ्या होत जाण्याचा, परिणाम बव्हंशी निघून जातो, आणि माझ्या मते एकट्या भूकंपासाठी हीच सर्वांत विश्वासार्ह वाट आहे. मात्र तो लहान भूकंप जवळजवळ त्याच जागी व त्याच प्रकारे घडलेला, आणि पुरेसा लहान असावा लागतो. हजारो भूकंपांचे वर्णपट एकत्र घेऊन स्रोत, मार्ग आणि नोंदणी केंद्र यांचे परिणाम वेगळे करण्याची पद्धत अधिक व्यापक असली, तरी त्या परिणामांची विभागणी गृहीतकांवर अवलंबून राहते. सेकंदाला शंभर नमुने घेणारे यंत्र 50 हर्ट्झच्या वरचे काहीच दाखवू शकत नाही, आणि 3 मेगापास्कल स्ट्रेस ड्रॉप असलेल्या 1 महत्तेच्या भूकंपाची कोपरा-वारंवारता साधारण तेथेच येते. म्हणून लहान भूकंपांत स्ट्रेस ड्रॉप कमी असतो हा निष्कर्ष कित्येकदा यंत्राच्या मर्यादेतून निघालेला असू शकतो.

याची थेट परीक्षाही झाली आहे. कॅलिफोर्नियातील रिजक्रेस्ट येथे 2019 साली झालेल्या भूकंपमालिकेतील दोन आठवड्यांच्या, सुमारे 13,000 भूकंपांच्या त्याच नोंदी अनेक संशोधकगटांना देण्यात आल्या. वीस गटांनी 56 उत्तरसंच पाठवले आणि त्यांतील आकडे सहाहून अधिक दशगुणी पायऱ्यांवर, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त, पसरलेले होते. पद्धतींमधील काही अंतरे मात्र नियमित आढळली, आणि निवडक भूकंपांच्या उत्तरांची सरासरी घेतल्यावर विखुरणे कमी झाले.

‘अधिक ताण साचला आहे’ हा शेवटचा निष्कर्ष तर व्याख्येलाच धरून नाही. फरकावरून मूळ प्रतिबल कळत नाही.

एकाच पद्धतीने, एकाच यादीत काढलेल्या शेजारच्या भूकंपांची परस्पर तुलना अर्थपूर्ण ठरू शकते. दोन याद्यांतील गुणांक वेगळे असतील, तर त्यांच्या गुणोत्तराच्या घनाने आकडे एका पायावर आणता येतात. क्षीणनाची दुरुस्ती वेगळी केलेली असेल, तर मात्र कोणत्याही एका गुणाकाराने ते जमत नाही, मूळ वर्णपटांपासूनच काम पुन्हा करावे लागते.