सप्तांबर, अष्टांबर आणि पहाटेचे साडेपाच

वर्षातून दोनदा हा मेसेज फिरतो, एकदा ३१ डिसेंबरच्या आसपास आणि एकदा पाडव्याच्या तोंडावर, आणि ज्या ग्रुपवर एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं येतात तिथेही त्याला पाच-दहा अंगठे मिळतात. मजकूर साधारण असा: आपल्या ऋषींनी आकाशाचे बारा भाग केले, प्रत्येक भाग म्हणजे एक अंबर, म्हणून सप्तांबर, अष्टांबर, नवांबर, दशांबर, आणि इंग्रजांनी तेच चोरून सप्टेंबर ते डिसेंबर केलं. एक्समस म्हणजे एक्स अर्थात रोमन दहा आणि मास, म्हणजे दहावा महिना. इंग्रज रात्री बाराला तारीख बदलतात कारण तेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच वाजून सूर्य उगवतो. १७५२ पर्यंत इंग्लंडचं नवीन वर्ष २५ मार्चला असायचं म्हणजे ते गुढीपाडवाच पाळत होते. आणि शेवटी, १ एप्रिलला सुरू होणारं आपलं आर्थिक वर्ष हा त्याचाच पुरावा.

यातलं काही अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच तो मेसेज मरत नाही. एकेक घेऊ.

अंबरापासून सुरुवात. सप्टेंबरमधला सात आणि आपला सप्त यांचं नातं आहे, ते कुणीच नाकारत नाही. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्टेम, आठ ऑक्टो, नऊ नोव्हेम, दहा डेकेम. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, त्यामुळे मार्चपासून मोजत सातवा तो सप्टेंबर. इथपर्यंत फॉरवर्डवाले बरोबर. पण मग त्याच्या आधीचे दोन महिने बघा ना. पाचव्या महिन्याचं नाव होतं क्विंटिलिस आणि सहाव्याचं सेक्स्टिलिस. क्विंटिलिसचं इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या नावाने जुलै झालं, सेक्स्टिलिसचं इसवी सनापूर्वी ८ मध्ये ऑगस्टसच्या नावाने ऑगस्ट. आता महिन्यांची नावं जर आपल्या अंबरांवरून उचललेली असतील तर पंचांबर आणि षष्ठांबर कुठे गेले? चोराने सातवा, आठवा, नववा, दहावा नेला आणि पाचवा-सहावा तिथेच ठेवला? आणि अकरावा-बारावा अंबर तर रोमच्या जुन्या यादीत नव्हताच, त्यांच्याच परंपरेप्रमाणे मूळ वर्ष दहा महिन्यांचं, हिवाळ्याच्या दिवसांना नावच नव्हतं, जानेवारी आणि फेब्रुवारी नंतर जोडले गेले.

बरं, आपल्याकडे तरी असे आकडेवाले महिने कधी होते का? तैत्तिरीय संहितेतली महिन्यांची नावं मधु, माधव, शुक्र, शुचि, नभ, नभस्य अशी आहेत. नंतरची, आज कॅलेंडरवर असतात ती, नक्षत्रांवरून आली: पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकेजवळ तो कार्तिक, मघेजवळ तो माघ. आकाशाच्या बारा भागांना म्हणाल तर राशी म्हणतात, मेष-वृषभ वगैरे. अंबर म्हणत नाहीत. उलट गंमत अशी की जुन्या ज्योतिषग्रंथांत आकडे शब्दांत लिहायची पद्धत होती आणि त्यात अंबर, ख, गगन, आकाश हे सगळे शब्द शून्यासाठी वापरायचे, म्हणजे सप्त-अंबर असं कुठे दिसलं तर जुना ज्योतिषी त्याचे सात आणि शून्य हे अंक मांडून मोकळा होईल. आणि अंबर म्हणजे वस्त्रसुद्धा, पीतांबरातलं, तेव्हा सप्तांबर म्हणजे सात लुगडी असंही कुणी म्हणू शकतं, ते निदान कपाटात तरी मावेल.

मग सप्त आणि सेप्टेम इतके सारखे कसे? कारण ती चुलत भावंडं आहेत. दोघांचं मूळ एकाच जुन्या भाषेत, जी लिहून ठेवलेली नाही पण तिच्या लेकरांकडे बघून तिचा अंदाज बांधता येतो. चुलत भावाचं नाक आपल्यासारखं असतं म्हणून तो आपला मुलगा होत नाही.

आणि हे नुसतं मत नाही, तपासता येतं. आपला अष्ट घ्या आणि त्यांचा ऑक्टो. आपला दश आणि त्यांचा डेकेम. आपला शत आणि त्यांचा सेंटम, जो जुन्या लॅटिन उच्चारात केंटुम असा होता. जिथे आपल्याकडे श किंवा ष आहे तिथे त्यांच्याकडे क आहे, आणि हे एकदा-दोनदा नाही, शब्दामागून शब्द असंच. भाषांच्या इतिहासात क मऊ होत होत श व्हायची उदाहरणं ढीगभर सापडतात, श चा क व्हायची वाट मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे या एका बाबतीत जुना उच्चार लॅटिनने सांभाळला आणि संस्कृतने बदलला. भ, ध, घ सारख्या उच्चारांच्या बाबतीत बरोबर उलटं आहे, तिथे संस्कृतने जुनं जपलं आणि लॅटिनने घालवलं. दोघींकडे आजीचे वेगवेगळे दागिने आहेत. एकीने दुसरीचे चोरले असते तर असं वाटप दिसलं नसतं.

यासाठी रोमला जायची पण गरज नाही, मराठीतच बघा. सात हा शब्द सप्तपासून प्राकृतातून सत्त होत होत आपल्याकडे आला, तो घरचा. सप्ताह, म्हणजे गावात मंडप टाकून हरिनामाचा बसतो तो, थेट संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. हप्ता, म्हणजे गाडीचा बँकेत भरतो तो, फारसी हफ्ताहून आला, फारसीत हफ्त म्हणजे सात आणि हफ्ता म्हणजे आठवडा, तिथे स चा ह झालाय, सिंधूचा हिंदू झाला तसाच. आणि सप्टेंबर युरोपमार्गे. चारही शब्द सातच्याच घराण्यातले पण चार वेगवेगळ्या दारांनी मराठीत शिरलेले. आता पाचवा घ्या. शिवकाळातली आणि पेशवाईतली मोडी कागदपत्रं वाचणाऱ्यांना शुहूर सन माहीत असतो, मृग नक्षत्रापासून सुरू होणारा, ज्यात वर्षाचे आकडे अरबीत लिहायचे: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा. यातला सबा म्हणजे सात. सप्तच्या किती जवळ वाटतो, हो ना? पण अरबी ही त्या घराण्यातली भाषाच नाही. नुसतं कानाला सारखं लागतंय एवढ्यावर निकाल द्यायचा असता तर हप्ता लांबचा वाटला असता आणि सबा सख्खा.

एक्समसचं लवकर संपवू. त्यातला एक्स हा रोमन दहा नाही, ते ग्रीक अक्षर आहे, ज्याने ग्रीकमध्ये ख्रिस्त हा शब्द सुरू होतो. मस म्हणजे मिस्सा, चर्चमधली प्रार्थना. गोव्यात आणि वसईत हा शब्द कुणालाही विचारा. आणि दहावा महिना असा अर्थ असता तर अख्खा डिसेंबर एक्समस झाला असता, एकट्या २५ तारखेला ते नाव कशाला?

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा, पहाटेचे साडेपाच. हा वाचला की क्षणभर खरंच वाटतं, कारण गणित बरोबर आहे, लंडनला रात्रीचे बारा तर आपल्याकडे साडेपाच. पण हे साडेपाच आले कुठून? भारतीय प्रमाणवेळ ठरली १ जानेवारी १९०६ ला, ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, आणि ती मुद्दाम ग्रीनिचपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे राहील अशी ठरवली. म्हणजे आधी लंडनची मध्यरात्र आणि मग त्यावरून आपले साडेपाच, उलटं नाही. त्याआधी मुंबईचं घड्याळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असायचं आणि मद्रासचं ५ तास २१ मिनिटं. मुंबईने तर आपला वेगळा मुंबई टाइम हट्टाने १९५५ पर्यंत चालवला, नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, घरातली जुनी माणसं सांगायची. मग इंग्रजांनी कोणत्या घड्याळाचा सूर्योदय बघून आपली मध्यरात्र ठरवली म्हणे? आणि उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा त्यांच्या बाराला आपल्याकडे साडेचारच वाजलेले असतात, त्याचं काय करायचं? शिवाय १ जानेवारीला पुण्यात साडेपाचला बाहेर येऊन बघा, मिट्ट काळोख, सूर्य उगवेपर्यंत सात वाजून जातात.

दिवस मध्यरात्रीपासून मोजायची पद्धत रोमनांची. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी स्पष्ट लिहून गेलाय की रोमन पुरोहित आणि कायद्याचे लोक मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरतात. खगोलशास्त्रज्ञ तर १९२५ सुरू होईपर्यंत दिवस दुपारी बारापासून मोजायचे, म्हणजे रात्रीची निरीक्षणं करताना मध्येच तारीख बदलायला नको. आणि आपल्याकडचं म्हणाल तर आर्यभटाने दोन्ही पद्धती वापरल्या, एक सूर्योदयापासून आणि दुसरी मध्यरात्रीपासून. दुसरी त्याच्या उपलब्ध ग्रंथात नाही पण वराहमिहिराने आणि ब्रह्मगुप्ताने तिचा हवाला दिलाय. म्हणजे मध्यरात्रीपासून दिवस मोजणारा एक अव्वल गणिती आपल्याच घरात होता, त्याचा मेसेजमध्ये पत्ता नाही, आणि साडेपाचची भाकड गोष्ट मात्र दरवर्षी.

२५ मार्च. हा मुद्दा तारखेपुरता खरा आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायद्याचं वर्ष खरंच २५ मार्चला सुरू व्हायचं, १७५२ पासून १ जानेवारी झालं, आणि त्याच वर्षी कॅलेंडर दुरुस्त करायला २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर घेतला. पण २५ मार्च हा तिथला ख्रिस्ती सण, मेरीला देवदूताने निरोप दिला तो दिवस, म्हणजे २५ डिसेंबरच्या बरोब्बर नऊ महिने आधी, हिशेब ज्याचा त्याने करावा. तो दरवर्षी त्याच तारखेला येतो. आपला पाडवा चंद्रावर चालतो, तो २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. वसंतात वर्ष सुरू करावंसं बऱ्याच लोकांना वाटलं, इराणचा नवरोज आहे, बाबिलोनचा निसान महिना आहे, थंडी सरली की माणसाला नवीन काहीतरी सुरू झाल्यासारखं वाटतंच, त्याला कुणाची कॉपी करावी लागत नाही. आणि सगळ्या भारताचं वर्ष चैत्रातच सुरू होतं हेही खरं नाही, शेजारच्या गुजरातेत ते कार्तिकात, दिवाळीत सुरू होतं.

आर्थिक वर्षाचं तर अगदीच उघड आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च हे ब्रिटिश सरकारने १८६७ मध्ये इथे आणलं, लंडनच्या सरकारी हिशेबाशी जुळावं म्हणून. त्याआधी इथलं सरकारी वर्ष १ मेला सुरू व्हायचं. आपल्या व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीत बदलायच्या, चोपड्यांची पूजा लक्ष्मीपूजनाला होते ती उगाच नाही. म्हणजे जी गोष्ट इंग्रजांनी लादली तीच आपल्या परंपरेचा पुरावा म्हणून फिरतेय. कमाल आहे.

एवढं सगळं लिहिलं की ग्रुपवर एक ठरलेलं उत्तर येतं, "हे सगळं इंग्रजांनीच लिहिलेलं, त्यांनी खरं लपवलं." अहो काका, संस्कृत आणि लॅटिनचं नातं गाजवलं कुणी? कलकत्त्याच्या न्यायाधीशाने, विल्यम जोन्सने, १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीत भाषण देऊन, आणि त्यात संस्कृत ही ग्रीकपेक्षा परिपूर्ण आणि लॅटिनपेक्षा समृद्ध आहे असं तो उघड म्हणाला. लपवणारा माणूस असं वागतो का?

इथून युरोपात खरंच गेलेलं काय ते दाखवायचं असेल तर त्याचे टप्पे सापडतात. आर्यभटाच्या गणितात 'ज्या' हा शब्द आहे, म्हणजे धनुष्याची दोरी, तिलाच जीवा असंही म्हणायचे, आजही शाळेच्या भूमितीत वर्तुळाची जीवा असते. अरबांनी जीवाचं जिबा केलं. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्यांनी ते जैब असं वाचलं, जैब म्हणजे कपड्याची छातीजवळची घडी, हिंदीतली जेब तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीसाठी आपला शब्द घातला, सायनस. त्याचंच साइन, कॅल्क्युलेटरवरचं बटण. इथे प्रत्येक पायरीचा ग्रंथ आहे, चूक कुठे झाली तेसुद्धा दिसतं. सप्तांबराला असा एक कागद दाखवा, मी पोस्ट डिलीट करतो.

आणि उलट दिशेने आलेलंही आहे. पंचांगातला होरा ग्रीक होरापासून, पत्रिकेतलं केंद्रस्थान ग्रीक केंट्रॉनपासून, सप्तम स्थानाला जामित्र म्हणतात ते डायमेट्रॉनपासून. हे इंग्रजांनी शोधून आपल्यावर थोपलं म्हणाल तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराची बृहत्संहिता काढा. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे आणि म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, असं त्याने श्लोकात लिहून ठेवलंय, तेही स्वतः ज्योतिषी असून आणि कुणी विचारलेलं नसताना.