वरचा थर मेलेला असेल, बिनकामाचा नाही

त्वचेच्या निगेवरच्या तुमच्या लेखातलं बाकी पटलं, पण ‘बाह्यत्वचेचा वरचा थर म्हणजे नुसत्या मेलेल्या पेशी, त्या रोज घासून काढाव्यात’ हे काही गळी उतरलं नाही. मेलेल्या असतात हे खरं, पण बिनकामाच्या नव्हेत. पेशींत केराटिन नावाचं चिवट प्रथिन भरलेलं आणि मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ. या थरामुळेच अंगातलं पाणी भराभर उडून जात नाही आणि बाहेरचं काही सहज आत शिरत नाही. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. ते काम आपापलं चालू असतं, त्यात आपण वजरी घेऊन कशाला घुसायचं?

आम्ही वाळवा तालुक्यातले, घरचा ऊस. उघड्या हातांनी पाला काढायला गेलं की पात्याची करवती कड मनगटावर पांढरी रेघ ओढते. रक्ताचा थेंब नाही, पण घाम लागला की नुसती आग आग. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूंची टोकं मात्र तिथवर पोचलेली असतात. तोच पाला तळहाताला लागला तर पत्ताही लागत नाही. तिथला वरचा थर मुळातच जाड, त्यात कोयत्याचे घट्टे. आमच्या वहिनींनी ऐन पाल्याच्या दिवसांत हौसेनं हातांना स्क्रब चोळला, तर पुढं कित्येक दिवस साबणाचं पाणीसुद्धा झोंबत होतं. थंडीत इकडं कातडी आधीच उलते. तेव्हा खोबरेल लावा म्हणायचं सोडून रोज घासा काय सांगता?