दोन सीपीयूंची मर्यादा म्हणजे दोन कोर नव्हेत

‘कंटेनरला दोन सीपीयूंची मर्यादा घातली की दोन कोर त्याच्यासाठी राखले जातात, आतल्या प्रोग्रामला तेवढेच कोर दिसतात आणि सरासरी वापर मर्यादेच्या आत असेपर्यंत त्याची गती कमी होत नाही,’ असे लिनक्स कंटेनरांबद्दल, म्हणजे एकाच मशीनवर वेगवेगळ्या कप्प्यांत चालणाऱ्या प्रोग्रामांबद्दल, सर्रास सांगितले जाते. यातले एकही विधान टिकत नाही.

मर्यादा कमाल वापराची असते, किमान वाट्याची हमी तीत नसते. मशीनवर कामाची गर्दी झाली की कोणाला किती वेळ मिळेल, हे सीजीग्रुपमधील (प्रक्रियांच्या गटाला साधने वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीतील) ‘वेट’ हे वेगळे मूल्य ठरवते. प्रक्रिया ठरावीक कोरांवर बांधायची असेल तर त्यासाठी सीपीयूसेट ही वेगळी सोय आहे; पण नुसते तेवढे केल्याने ते कोर इतरांना बंद होत नाहीत.

या मर्यादेमुळे, म्हणजे सीपीयू-वेळेच्या कोट्यामुळे, दिसणाऱ्या कोरांची संख्याही बदलत नाही. १६ कोरांच्या मशीनवर प्रोग्रामला १६ कोर दिसतात आणि बरेच प्रोग्राम त्याच हिशेबाने थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) सुरू करतात. जावा भाषेचे रनटाइम (प्रोग्राम चालवणारी व्यवस्था) आवृत्ती १० पासून आणि गो भाषेचे १.२५ पासून कोटा स्वतः वाचते. इतरत्र ही संख्या बहुधा हाताने द्यावी लागते.

सर्वांत फसवे विधान मात्र सरासरीचे आहे. लिनक्स ३.२ पासून असलेली ही व्यवस्था कोर मोजत नाही, वेळ मोजते: कालखंड सहसा १०० मिलिसेकंदांचा असतो आणि दोन सीपीयूंच्या मर्यादेत त्या कालखंडापुरता २०० मिलिसेकंदांचा कोटा मिळतो. दहा थ्रेड दहा कोरांवर एकदम धावू लागले, तर हा कोटा सुमारे २० मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ८० मिलिसेकंद सगळे थ्रेड थांबून राहतात, मग शेजारचे कोर रिकामे का असेनात. एरवी ३० मिलिसेकंदांत उरकणारे काम, कालखंडाच्या आरंभी सुरू झाले तरी, अशाने सुमारे ११० मिलिसेकंद घेते. असे काम सेकंदातून एकदाच येत असेल, तर सरासरी वापर मर्यादेच्या जेमतेम १५ टक्के भरतो आणि वापराच्या आलेखावर सारे आलबेल दिसते. (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.४ पूर्वीच्या काही आवृत्त्यांत कोटा न संपताही थ्रेड अडकत. तो दोष निराळा.)

म्हणून आलेखाऐवजी सीजीग्रुपची ‘सीपीयू.स्टॅट’ (cpu.stat) फाइल पाहावी. तिच्यातील ‘एनआर_थ्रॉटल्ड’ (किती कालखंडांत थ्रेड थांबवले गेले) हा आकडा ‘एनआर_पीरियड्स’च्या (एकूण कालखंडांच्या) तुलनेत वाढत असेल, तर आधी थ्रेडांची संख्या कोट्याशी जुळवावी आणि मगच मर्यादा वाढवण्याचा विचार करावा. कर्नल ५.१४ पासून न वापरलेला कोटा काही प्रमाणात पुढील कालखंडासाठी साठवण्याचीही सोय आहे.