हुबेहूब म्हणवणारे फॉन्ट आणि त्यांत घुसवलेली पदरची अक्षरे

जुन्या व्हिडिओ गेममधल्या अक्षरांवरून चाहत्यांनी बनवलेले पिक्सेल फॉन्ट डाउनलोड करताना माझा संयम आता वर्णनाच्या पहिल्याच ओळीला सुटतो. त्या ओळीत बहुतेक वेळा ‘मूळ गेममधला हुबेहूब फॉन्ट’ असे ठणकावून लिहिलेले असते आणि फाइल उघडली की त्या दाव्याची पार वाट लागलेली दिसते. कोणी फॉन्ट बनवू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. या अक्षरांवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच जे मूळ म्हणून पुढे केले जाते त्यात गेमचे किती आणि बनवणाऱ्याच्या पदरचे किती, हे सांगण्याची गरजच कोणाला वाटत नाही याची मला मनस्वी चीड येते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’चेच घ्या. १९८५ सालच्या या गेममध्ये इंग्रजीची स्मॉल अक्षरे नाहीतच. कॅपिटल अक्षरे, अंक आणि बोटांवर मोजता येतील इतकी चिन्हे, एवढीच ती अक्षरमाला आहे. याला सबळ कारण होते. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम साठवलेल्या डबीत, सगळ्या चित्रांसाठी मिळून ८ किलोबाइट जागा होती, तिच्यातून पार्श्वभूमीच्या वाट्याला ८ बाय ८ पिक्सेलच्या २५६ टाइल, म्हणजे चित्राचे चौकोनी तुकडे, येत होत्या, आणि विटा, पाइप, ढग, किल्ले, अक्षरे हे सारे तेवढ्यातच बसवायचे होते. ओढाताण इतकी होती की ढग आणि झुडूप यांना एकच आकार देऊन फक्त रंग बदलला गेला. जिथे झुडपासाठी वेगळ्या टाइल खर्च झाल्या नाहीत, तिथे स्मॉल अक्षरांसाठी आणखी २६ टाइल कोण देणार? ती अक्षरे नसणे हा त्या अक्षरमालेचा स्वभावच आहे. तरीही या गेमच्या नावाने फिरणाऱ्या फॉन्टमध्ये ए पासून झेडपर्यंतची स्मॉल अक्षरे असतात, महिरपी कंस असतात, युरोचे चिन्हसुद्धा असते, आणि यांतले काय गेममधून आले व काय कोणी घरी बसून रचले याबद्दल एक अवाक्षर नसते.

रचलेली अक्षरे निदान चांगली असती तर राग थोडा कमी झाला असता. कॅपिटल अक्षर ८ पैकी ७ ओळी व्यापते आणि खाली एकच ओळ मोकळी राहते, त्यामुळे स्मॉल ‘जी’ किंवा ‘वाय’ची शेपटी खाली सोडायला जागाच उरत नाही. ज्याला हे कळते तो अक्षराचे अंग वर सरकवतो, शेपटी आखूड करतो, विचार करतो. ज्याला कळत नाही तो चौकट मोडून शेपटी खाली लोंबकळत सोडतो, आणि मग ओळींमधले अंतर सगळीकडे बिघडते.

उलट गेममध्ये जे खरोखर होते ते मात्र टाकून दिले जाते, आणि हे मला जास्त खुपते. ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ब्लू’च्या १९९८ सालच्या इंग्रजी आवृत्तीत संवादाच्या चौकटीत एका ओळीला जेमतेम १८ अक्षरे मावत. एक टाइल वाचवण्यासाठी त्यात अपॉस्ट्रॉफी आणि तिच्या पुढचे अक्षर हे दोन्ही एकाच टाइलमध्ये बसवले होते. ‘एस’, ‘टी’, ‘डी’, ‘एल’ यांच्यासाठी अशा वेगवेगळ्या जोडटाइल होत्या. आठ पिक्सेलच्या रुंदीत वर कोपऱ्यात एक लहानसा फराटा आणि त्याला खेटून अक्षर, ही त्या संवादांची ओळखच आहे. चाहत्यांच्या फॉन्टमध्ये मात्र अपॉस्ट्रॉफीला सबंध टाइलची रुंदी दिलेली आढळते आणि अशा प्रत्येक शब्दाच्या मध्ये खिंडार पडते. आजच्या फॉन्टमध्ये दोन अक्षरे जोडण्यासाठी लिगेचरची सोय आहे आणि ती वापरायला फारसा वेळही लागत नाही. गेम पुन्हा एकदा उघडून दोन संवाद नीट पाहण्याइतकी आस्था तेवढी लागते.

अक्षरे उतरवून घेण्याची पद्धत तर संतापजनक आहे. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाइल जशीच्या तशी दाखवणारी खिडकी असते, तिच्यात प्रत्येक पिक्सेल स्वच्छ मोजता येतो. ते सोडून कुठला तरी ताणलेला स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्यावरून गिरवायचे, हा काय प्रकार आहे? त्या काळच्या कन्सोलचे २५६ पिक्सेल रुंदीचे चित्र टीव्हीवर आडवे ताणले जात असे, आणि तेच प्रमाण राखून काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये काही उभे रकाने शेजारच्यांपेक्षा जाड होतात. त्यावरून गिरवलेल्या ‘एम’चा डावा पाय उजव्यापेक्षा रुंद निघतो. अटारीच्या आर्केड यंत्रांतून आलेल्या आणि ‘पॅक-मॅन’सारख्या नामकोच्या गेममधून जगभर ओळखीच्या झालेल्या अक्षरशैलीत उभ्या रेघा दोन पिक्सेलच्या आणि आडव्या एका पिक्सेलच्या असतात. जाडीचा हा फरक हाच त्या शैलीचा कणा असताना एखादी उभी रेघ अडीच पिक्सेलची झाली तर उरले काय?

पुढचा गोंधळ फाइलच्या आत असतो. फॉन्टमधली अक्षरे ज्या चौकटीत आखली जातात ती १००० एककांची ठेवायची आणि तिच्यात १६ पिक्सेल उंचीची अक्षरे कोंबायची, म्हणजे एका पिक्सेलला साडेबासष्ट एकके येतात. ट्रूटाइप या प्रचलित प्रकारच्या फॉन्ट फाइलमध्ये अर्धे एकक लिहिता येत नाही, म्हणून कुठे ६२ होतात, कुठे ६३, आणि कडा धूसर दिसू लागतात. चौकट १०२४ एककांची घेतली असती तर पिक्सेलला बरोबर ६४ एकके आली असती. हा भागाकार शाळेतले मूलही करील. त्यावर कडी म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा सुटा चौकोन तसाच ठेवून फाइल काढलेली असते, आणि मोठ्या आकारात अक्षरभर केसासारख्या पांढऱ्या फटी उमटतात. चौकोन एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करण्याची आज्ञा फॉन्ट बनवण्याच्या बहुतेक साधनांत असते, ती देण्याचेही कष्ट घेतलेले नसतात. प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी असलेल्या फॉन्टवर आपोआप कर्निंग, म्हणजे जोडीनुसार अक्षरांमधले अंतर कमीजास्त करण्याची सोय, चालवून ‘ए’ आणि ‘व्ही’ एकमेकांत घुसवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

याविषयी तक्रार केली की ‘फुकट दिले आहे, मग कटकट कशाला’ हे उत्तर ठरलेले असते. फुकट दिले म्हणून खोटे सांगण्याची मुभा मिळत नाही. ‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा फॉन्टही फुकटच आहे, त्याचा परवानाही खुला आहे. त्याच्या वर्णनात तो १९८० च्या दशकातल्या नामकोच्या आर्केड गेममधल्या अक्षरांवर आधारलेला असल्याचे सरळ लिहिले आहे आणि तो ८, १६, २४, ३२ अशा आठाच्या पटीतल्या आकारांतच चांगला दिसतो हेही सांगितले आहे. त्यात ग्रीक आणि सिरिलिक अक्षरेही आहेत, पण ‘आधारित’ या एका प्रामाणिक शब्दामुळे त्यांबद्दल कोणाची फसगत होत नाही. एवढे दोन ओळींचे काम इतरांना का जमू नये? योग्य आकार न सांगितल्यामुळे लोक इतरांचे फॉन्ट कुठल्याही मापात लावतात, अक्षरे गढूळ दिसतात आणि दोष मात्र जुन्या गेमच्या माथी मारला जातो.

सगळ्यात वाईट पुढे घडते. नवा फॉन्ट बनवणारा गेमकडे न जाता आधीच्या चाहत्याच्या फॉन्टवरून नक्कल करतो, दुसऱ्याच्या फाइलमधला परवान्याचा मजकूर पुसून आपले नाव चढवतो, आणि पहिल्याची चूक दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे जाते. ज्यांनी ही अक्षरे सात ओळींत बसवली त्यांतल्या अनेकांची नावे त्यांच्या गेममध्ये कधी झळकलीच नाहीत, काहींची आली तीही टोपणनावाने. त्यांच्या हातचे म्हणून जे काही उरले आहे ते रॉममध्ये, म्हणजे गेमच्या मूळ मेमरी चिपमध्ये, टाइलच्या रूपात, आजही जसेच्या तसे आहे. ते सोडून तिसऱ्या हाताची नक्कल करणाऱ्याने स्वतःच्या कामाला ‘हुबेहूब’ म्हणणे मला सहन होत नाही, आणि चूक दाखवून दिल्यावर ‘इतके बारीक कोण पाहतो’ असे म्हणणे तर अजिबात नाही. यातले प्रत्येक अक्षर मुळातच ६४ पिक्सेलच्या चौकटीत मावते; त्यात बारीक पाहायचे नाही तर पाहायचे तरी काय?