पोएझिया आणि शेजारची धाकटी गुहा

दक्षिण इटलीत रोका वेक्या येथे असलेल्या ‘ग्रोत्ता देल्ला पोएझिया’ या समुद्रकुंडावरील लेख आवडला. मात्र ‘पोएझिया’ म्हणजे इटालियनमध्ये कविता, म्हणून लेखाप्रमाणे या नावाचा संबंध कवितेशी जोडण्यापेक्षा ते गोड्या पाण्याच्या झऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आले असावे, हे मत मला अधिक पटते. गुहेचे छत कोसळून तयार झालेल्या या कुंडात पोहायला सारेच धावतात. पण लगतच्या धाकट्या गुहेच्या भिंतींवर मेस्सापी (दक्षिण इटलीतील एक प्राचीन भाषा) व लॅटिन भाषांतील लेख कोरलेले असून ते १९८३ मध्ये उजेडात आले, याची बहुतेकांना (आम्ही गेलो तेव्हा आम्हालाही) कल्पना नसते. ओला खडक फार निसरडा होतो, त्यामुळे उतरताना चपला हातात न घेता पायातच ठेवाव्यात. तिथल्याच कांस्ययुगीन तटबंदीचे अवशेष पोहण्याआधीच पाहावेत. नंतर मिठाने चरचरणाऱ्या अंगाने उन्हात फिरवत नाही.